गर्दी म्हणजे नफा नव्हे
कुणीतरी म्हटलंय की आउटलेटचा सेल (विक्री) चांगला असला की फ्रँचायझीवाला, म्हणजे ब्रँडचं नाव घेऊन स्वतःच्या पैशाने दुकान चालवणारा, आपोआप खूश. मला नाही पटलं. माझ्या मावसभावाने चिंचवडला एका चहाच्या ब्रँडचं आउटलेट घेतलं होतं, काउंटरला कायम गर्दी, पण रॉयल्टी (नाव वापरण्याबद्दल कंपनीचा हिस्सा) कापायची ती सेलवर, नफ्यावर नाही, मग दूध महागलं काय न् भाडं वाढलं काय, कंपनीचा हिस्सा आधी जाणार आणि उरेल ते आपलं. मसाला, कप, अगदी टिश्यूसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचे, तेच कप रविवार पेठेत स्वस्तात मिळतात हे माहीत असून. त्यात कंपनीने दोन चौक सोडून अजून एकाला आउटलेट दिलं, त्यांचा एकूण सेल वाढला, याचा गल्ला बसला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये जवळपास दुसरं आउटलेट देणार नाही असा एरियाचा क्लॉजच नव्हता (सही करताना वाचतो कोण म्हणा). मग वैतागून याने एक पोरगा कमी केला, चहा पातळ झाला आणि गिऱ्हाईक शिव्या घालायला लागलं ते ब्रँडला!

मोठ्यांचंही तेच. मॅकडोनाल्ड्सचं उत्तरेतले त्यांचे भागीदार विक्रम बक्षी यांच्याशी २०१३ ला फाटलं, २०१७ ला १६९ आउटलेट्सचा करार रद्द, २०१९ ला तडजोड. तोवर इकडे पश्चिम-दक्षिणेत अमित जटियांची कंपनी तोच आलू टिक्की बर्गर विकत दुकानं वाढवत होती.

फ्रँचायझी घ्यायचीच असेल तर आधी बंद पडलेल्या आउटलेटवाल्यांना गाठा, त्यांचे नंबर कंपनी स्वतःहून देत नाही.