तेल काढायची भट्टी घरात ठेवणं हा गुन्हा का असावा?

गवतीचहावाला (खानापूर तालुका):
नमस्कार मंडळी. माझ्या माळावर गवती चहा चांगला येतोय, त्याचं तेल घरीच काढावं म्हणतोय. वीस लिटरचं तांब्याचं भांडं, झाकण, नळी आणि वाफ गार करायचं थंड पाण्याचं कंडेन्सर असा सेट ऑनलाइन उघड विकायला आहे. पण घरात आणि गल्लीत सगळ्यांचं एकच, 'अबकारीवाले उचलून नेतील.' म्हणून कायदा काढून वाचला. कर्नाटक अबकारी कायदा १९६५, कलम १३ आणि ३२. परवान्याशिवाय मादक पदार्थ 'बनवण्यासाठी' भट्टी, भांडी, उपकरणं बाळगायला बंदी आहे. म्हणजे गुन्हा हेतूचा आहे, भांड्याचा नाही.

माझं स्पष्ट मत आहे की तेलासाठी भट्टी ठेवणाऱ्याला संशयित मानणं अन्यायाचं आहे. सरकारनं साधी नोंदणी ठेवावी, ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याला. दारू गाळली हे सिद्ध करायचं काम सरकारचं, मी गाळली नाही हे सिद्ध करायचं काम माझं नव्हे.

कोर्टाचीपायरी (चिकोडी, वकिली करतो):
दादा, कलमं बरोबर वाचलात, पण पुढचं राहिलं. याच कायद्यात गृहीतकाची तरतूद आहे. भट्टी किंवा दारूला लागणारा माल तुमच्याकडे सापडला आणि तो का बाळगला याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असंच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे खुलाशाचा भार तुमच्यावरच येतो.

तुमच्या बाबतीत खुलासा अवघड नाही. खरेदीचं पक्कं बिल, शेताचा उतारा, उभं पीक, विकलेल्या तेलाच्या पावत्या. पण त्याच भांड्याशेजारी काळा गूळ, नवसागर आणि आंबवलेलं रसायन सापडलं तर कुठलाच खुलासा टिकणार नाही. आणि निपाणी ओलांडून कागलला गेलात म्हणून सुटका नाही. महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात कलम ६५ ची भाषा जवळपास हीच आहे. १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, तेव्हा हाच मुंबईचा कायदा इथं चालायचा.

एक लक्षात ठेवा. वॉरंट नसताना झडती घ्यायची तर कर्नाटकच्या कायद्यातल्या कलम ५४ प्रमाणे अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. ती न लिहिल्यामुळे उच्च न्यायालयात प्रकरणं रद्द झालेली आहेत. आणि पंचनामा कन्नडमध्ये असेल तर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. आपल्या भागात माणसं न वाचता सह्या करतात आणि मग वर्षानुवर्षं तारखा मोजतात.

बचतगटातली ताई (हुक्केरी भाग):
तुम्ही दोघं कायद्याचं बोलायलात, मी गावचं बोलते. आमच्या ओढ्याला भट्ट्या लागायच्या. आम्ही बायकांनी मडकी फोडलीत, रसायन मातीत ओतलंय. ज्या घरात दारू शिरली त्या घरातल्या पोरींची शाळा आधी सुटली, हे मी डोळ्यानं बघितलंय. १ जुलै २००७ ला कर्नाटकात सारायी, म्हणजे परवान्याची देशी दारू, बंद झाली, ती मागणी बायकांनी लावून धरली होती. तरी कळ्ळभट्टी, म्हणजे चोरटी हातभट्टी, राहिलीच.

तुम्हाला जे गृहीतक टोचतंय, तेवढंच एक हत्यार आमच्या हातात आहे. धार पडताना प्रत्यक्ष पकडलं तरच गुन्हा, असं केलात तर एक केस उभी राहणार नाही. फौजदार पोचेपर्यंत चूल विझलेली असते. नुसतं भांडं मागं राहतं.

काजूबाग (कणकुंबी):
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण आमच्याकडं बघा. चोर्ला घाट उतरला की गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बोंडांची भट्टी परवान्यानं चालते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हटलं. घाटाच्या वर तेच झाड, तेच बोंड, आणि ते झाडाखाली कुजतंय. बी तेवढी विकायची, बाकी फेकायचं. छोट्या बागायतदाराला हंगामापुरता परवाना का नको? न्यूझीलंडमध्ये तर १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मोकळीक आहे.

बचतगटातली ताई:
न्यूझीलंडमधल्या बाईचा नवरा मजुरी सांजच्याला कुठं घालवतो ते मला सांगू नका. माझ्या गावचं सांगा.

प्रयोगशाळा (निपाणी, रसायनशास्त्र शिकवतो):
विषबाधेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, पण या विषयात तो येतोच, म्हणून लिहितो. गुळाच्या रसायनातून आपोआप बनणारं मिथेनॉल अगदी थोडं असतं. बेंगळुरूत १९८१ ला आणि मुंबईत मालवणीला २०१५ ला माणसं मेली ती कारखान्याचं मिथेनॉल दारूत मिसळल्यानं. घरगुती भट्टीचा खरा धोका वेगळा आहे. अल्कोहोलची वाफ चुलीजवळ पेट घेते, आणि शिशाचा डाग दिलेल्या नळ्यांतून शिसं पोटात जातं.

आता मूळ प्रश्नाकडं. अल्कोहोल ७८ अंशाच्या आसपास उकळतं. गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक, सिट्रल, त्याचा उत्कलनबिंदू २०० च्या बराच वर. म्हणून ते नुसतं तापवून काढत नाहीत, गवतातून पाण्याची वाफ सोडून तिच्याबरोबर ओढून आणतात. त्याला गवत ठेवायची जाळी लागते, आणि शेवटी पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करायचं भांडं लागतं. दारूच्या भट्टीला यातलं काही लागत नाही. तेव्हा नियमात हा फरक लिहिता येईल. जाळी आणि तेल वेगळं करायचं भांडं असलेला संच नोंदणीनं मोकळा करावा.

बचतगटातली ताई:
सर, जाळी काढून ठेवायला किती वेळ लागतो?

प्रयोगशाळा:
पाच मिनिटं. तुमचं खरं आहे. जाळी काढली की त्यातून दारूही निघेल. पण मग घरातलं जर्मनचं पातेलंसुद्धा त्यात येतं, त्यावर बंदी कशी आणणार? भांड्याच्या आकारावरून भागणार नाही, शेजारी कुठला माल आहे ते बघायला लागेल.

गवतीचहावाला:
सर, जाळीवालाच संच घेतो. वकीलसाहेब, बिल आणि उतारा एका फाईलीत लावून ठेवतो. ताई, नोंदणीची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावा, माझं नाव पहिलं लिहा. तुमच्या गटानं कधीही येऊन भांडं बघावं, गवताचा वास येतो की गुळाचा ते हुंगून बघावं. पण नोंदणी केलेल्यावर गृहीतक लागू नये, एवढं मागायलोय.

बचतगटातली ताई:
यादी लावा, आम्ही येऊन बघतो. गृहीतक काढायला मात्र माझी संमती नाही. आधी नोंदणी करणारे तुम्ही असाल, दुसरा करणारा ओढ्याकाठचा असेल.

कोर्टाचीपायरी:
मधला मार्ग निघतो. गृहीतक राहू दे, पण नोंदणीचा दाखला हाच पहिल्या पायरीला पुरेसा खुलासा धरावा. रसायन किंवा नवसागर सापडला तर दाखला आपोआप निरुपयोगी. दादा, तुम्हाला हे चालेल?

गवतीचहावाला:
मला चालेल.

बचतगटातली ताई:
गटात विचारते. बुधवारी बैठक आहे.