कसारा घाटातील दरडी: उपग्रहाच्या रडारने उतार मोजावेत, की तो पैसा जाळी आणि गस्तीवर लावावा?

गोदाकाठ_नाशिक

नाशिकहून मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी इगतपुरी सोडली की कसारा घाटात उतरते. 1865 साली सुरू झालेल्या या मार्गाचा चढ 1:37 इतका तीव्र आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कातळ कापून काढलेल्या कटिंग आहेत. जुलै 2021 मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीत या घाटात दरड आली, खाली उंबरमाळी स्थानकात पाणी शिरले आणि नाशिक-मुंबई रेल्वेवाहतूक खंडित झाली. 2027 च्या सिंहस्थातील मुख्य स्नाने ऐन पावसाळ्यात आहेत. त्या काळात या घाटावर किती भार येईल, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

माझी मागणी अशी आहे की, रेल्वेने कसारा ते इगतपुरी या पट्ट्यातील सर्व उतारांचे उपग्रहीय रडारने नियमित मोजमाप सुरू करावे आणि त्याचे नकाशे दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करावेत. रडारला ढग किंवा अंधार आडवा येत नाही. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा त्याच जागेवर येतो, तेव्हा परत आलेल्या लहरीची कला, म्हणजे फेज, आधीच्या फेरीतील कलेशी ताडून पाहतात आणि त्यावरून मधल्या काळात जमीन किती सरकली हे काढतात. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहांची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंमी आहे. लहर जाऊन परत येत असल्यामुळे जमीन 2.8 सेंमी सरकली की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते, आणि अनेक फेऱ्यांची मालिका जोडली की वर्षाला काही मिलिमीटर एवढी हालचालही ओळखता येते. या उपग्रहांची 2014 पासूनची नोंद विनामूल्य उपलब्ध आहे. 30 जुलै 2025 रोजी इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रहही श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला आहे. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, तरीही जुलै 2023 मध्ये तिच्यावर डोंगर आला. यादीत कोणते ठिकाण आहे आणि कोणते नाही याचा विचार न करता संपूर्ण डोंगर मोजणारे साधन हाती असताना ते न वापरणे मला अक्षम्य वाटते.

पी_वे_इगतपुरी

आपला हेतू चांगला आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी अनेक वर्षे रेल्वेमार्गाच्या देखभालीत काढली आहेत. घाटात रुळावर जे येते, ते बहुतेक वेळा सुटलेला दगड असतो. बेसाल्टच्या उभ्या भेगांत पाणी शिरते, झाडांची मुळे त्या भेगा रुंदावतात, आणि एखाद्या पहाटे धुक्यात कपाटाएवढा दगड काही क्षणांत खाली येतो. त्याआधी तो वर्षभर दर महिन्याला मिलिमीटरने सरकत उपग्रहाला सूचना देत बसत नाही. निसार त्याच जागी 12 दिवसांनी येतो. एवढ्या काळात घाटातून किती गाड्या जातात, याचा विचार करावा.

कोकण रेल्वेवर 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ आणि 16 जून 2004 रोजी करंजाडीजवळ दरडीच्या दगडांमुळे गाड्यांना भीषण अपघात झाले. त्यानंतर तिथे कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग घटवला आणि गस्त वाढवली. माणसे वाचवणारी कामे ही होती. आमच्याकडेही पावसाळ्यापूर्वी माणसे दोर लावून कड्यावर चढतात, पहारीने एकेक दगड ठोकून पाहतात, ज्याचा आवाज पोकळ येतो तो ब्लॉक घेऊन, म्हणजे रेल्वेवाहतूक काही वेळ थांबवून, खाली पाडतात आणि माथ्यावरचे पाण्याचे चर साफ करतात. ती माणसे कमी पडत असताना नकाशांवर पैसा घालवणे मला योग्य वाटत नाही.

बेसाल्ट

मी भूगर्भशास्त्र शिकवते. सुट्या दगडाविषयी पी_वे_इगतपुरी यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यात आणखी दोन अडचणींची भर घालते. रडार तिरकस पाहते, त्यामुळे उभा कडा एका दिशेने पाहिल्यास प्रतिमेत स्वतःवरच दुमडला जातो आणि दुसऱ्या दिशेने पाहिल्यास छायेत जातो. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील कड्यांचा बराच भाग असा निसटेल. दुसरे म्हणजे, जूननंतर सगळा डोंगर हिरवा होतो आणि 5.6 सेंमीची लहर पानांवरूनच परतते. दोन फेऱ्यांमध्ये पाने हललेली आणि वाढलेली असल्यामुळे तुलना निरुपयोगी ठरते. म्हणजे ज्या महिन्यांत धोका असतो, नेमक्या त्याच महिन्यांत मोजमाप सर्वांत दुबळे असते. निसारची सुमारे 24 सेंमीची एल-बँड लहर पानांतून अधिक खोल जाते, हा त्यातला मोठा दिलासा आहे.

पण घाटात धोका केवळ कड्याचा नाही. कड्याच्या पायथ्याशी शेकडो वर्षांत साचलेली दगडमातीची उतरंड असते, दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा मऊ थर असतो आणि दीडशे वर्षांचे जुने भराव असतात. ही ठिकाणे पुष्कळदा आधी हळूहळू सरकतात आणि नंतर एका मोठ्या पावसात सुटतात. ओव्हरहेड वायरचे खांब, संरक्षक भिंती, मोऱ्यांची तोंडे आणि उघडा कातळ रडारला वर्षभर स्थिर परावर्तन देतात, आणि जिथे असे काही नाही तिथे धातूचे त्रिकोणी परावर्तक उभारता येतात. ऑक्टोबर ते मे या काळातील फेऱ्या जोडल्या, तर कोणता भराव खचतो आहे आणि कोणती उतरंड रुळाकडे झुकते आहे हे बऱ्याच विश्वासाने सांगता येईल. कड्याला दोर लावून चढणाऱ्या माणसाला पहारीच्या आवाजावरून दगड कळतो, पण पायाखालची संपूर्ण उतरंड वर्षाला दोन सेंटिमीटर सरकते आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

देवळालीकर

नकाशे जाहीर करण्यास माझा विरोध आहे. लाल ठिपक्यांचा नकाशा मोबाइलवर फिरू लागला, की त्यातला अर्धा भाग हवेतील बाष्पामुळे आलेली चूक आहे हे कोणीही वाचणार नाही. बाष्पामुळे लहरीला उशीर होतो आणि जमीन न हलताही हलल्यासारखी दिसते, हे आपणच मान्य कराल.

गोदाकाठ_नाशिक

बाष्पाची चूक एका जोडीच्या तुलनेत मोठी असते, अनेक फेऱ्यांची मालिका घेतली की ती बरीचशी गळून जाते. जाहीर करण्याचा आग्रह मी सोडणार नाही. युरोपात 2022 पासून जमिनीच्या हालचालीचे असे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत. घाटाखालच्या वाड्यांत राहणाऱ्या लोकांना आपल्या डोक्यावरचा उतार सरकतो आहे की नाही, हे जाणण्याचा हक्क रेल्वेइतकाच आहे.

पी_वे_इगतपुरी यांना मात्र माझे सांगणे आहे की, गस्तीचा एकही माणूस कमी करून हे व्हावे असे मी म्हणत नाही. 12 दिवसांनी येणारा उपग्रह गाडी थांबवणार नाही, हे मान्य. जाळी कोणत्या कटिंगला आधी लावायची, कोणत्या भरावात झुकावमापक बसवायचा आणि पहारेकरी कुठे उभा करायचा, हा क्रम ठरवताना या मोजमापाचा उपयोग व्हावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पी_वे_इगतपुरी

भराव आणि उतरंडी यांच्यापुरते मी बेसाल्ट यांचे म्हणणे स्वीकारतो. पावसाळ्यात एखादा भराव बसला की आम्ही खडी टाकून रूळ पुन्हा पातळीत आणतो, आणि तो मुळात का बसतो आहे हा प्रश्न पुढच्या वर्षावर जातो. तिथे ही मालिका उपयोगी पडेल.

पण कटिंगचा क्रम त्या नकाशावरून ठरवण्यास माझा विरोध कायम आहे. उभा कडा रडारच्या छायेत गेला, तर नकाशात ती जागा कोरी राहील, आणि कार्यालयात बसून निधी वाटणारा अधिकारी कोऱ्या जागेचा अर्थ सुरक्षित जागा असाच लावेल. ज्या कड्याचे मोजमाप होऊच शकत नाही, तो नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवण्याचे बंधन आधी लेखी घालावे. तोपर्यंत जाळीचा निधी मागच्या दरडींच्या नोंदवहीवरून आणि ट्रॅकमनच्या सांगण्यावरूनच वाटला जावा.