शाळेत एचपीव्हीची लस: पालकांची सही ‘हो’साठी घ्यावी की ‘नको’साठी?

कमाटीबागवाली
शाळेतून मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस द्यायची झाली तर परवानगी कशी घ्यावी, यावरून आमच्या सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पालकांची सही आली तरच टोचा. दुसरा म्हणतो, घरी आधी चिठ्ठी पाठवा आणि लेखी नकार आला नाही तर टोचा. मी दुसऱ्या तटातली. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, पाऊण लाखाहून जास्त त्यात जातात. संसर्ग होण्याआधी दिली तरच या लसीचा पुरा उपयोग, म्हणून ९ ते १४ हे वय. ज्या घरी फॉर्म दप्तरात चुरगळून पडतो, त्याच घरातल्या मुलीची पुढे तपासणीही बहुधा होत नाही. सहीची अट घातली की नेमक्या त्याच मुली गळणार.

दांडियाबाजार_जुना
ताई, बडोद्यात बसून हे विचारताय म्हणून आठवण करून देतो. २००९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोई, शिनोर आणि कवांट तालुक्यांत (कवांट आता छोटाउदेपुरात गेला), १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकार यांचा तो प्रकल्प. दुसरा जिल्हा तेव्हाच्या आंध्रातला खम्मम (आता तेलंगणात). दोन्हीकडच्या मिळून सात मुली दगावल्या, ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात काय लिहिलंय ते वाचा. आंध्रच्या ९,५४३ फॉर्मांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही. पोरगी कोणाची आणि सही कोणाची! नकार आला नाही म्हणजे होकार, हा तुमचा हिशोब त्याच वाटेने जातो.

आरोग्यकेंद्रातून
काका, गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या सात मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. आपल्याकडच्या दोघींपैकी एकीला साप चावला होता, दुसरीला मलेरिया होता. पण गावात ‘लसीने पोरी मेल्या’ एवढंच उरलं.

त्या गोंधळातून निघालेली एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. तेव्हाच देशात एक वेगळा अभ्यास चालू होता, अहमदाबाद, पुणे, बार्शी अशा ठिकाणी. दोन डोस पुरतात की तीनच हवेत, एवढं पाहायचं होतं. खम्मम-बडोद्यामुळे त्याचंही लसीकरण बंद पाडलं. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसांच्या जवळपास! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल म्हटलं, त्यात या मुलींच्या माहितीचा मोठा वाटा आहे. एक डोस म्हणजे खर्च कमी, शाळेत फेरी एकदाच.

दांडियाबाजार_जुना
लसीने मेल्या असं मी कुठे म्हटलं? मुद्दा सहीचा आहे. वर्ष-दोन वर्षांनी कोणी नीट समजावून सांगायला आलं असतं तर तुमची लस तेव्हाच रुजली असती. घाई केली म्हणून एवढी वर्षं वाया गेली. यात विज्ञान नडलं नाही, वॉर्डनच्या सह्या नडल्या.

राजमहालरोड
सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या बापांना दंड होता. तेव्हा कोणाची संमती घेतली होती? आज त्याच दंडाचं कौतुक करतो आपण.

वाडीतली_सून
आलेच महाराज! बडोद्याच्या मराठी माणसाचा वाद त्यांच्याशिवाय पुरा होईल तर शपथ. अहो दादा, शाळेत बसवणं आणि अंगात सुई टोचणं एक आहे का? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कोविडच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, कोणालाही लस घ्यायची बळजबरी करता येणार नाही, राज्यघटनेचं कलम २१ आहे, स्वतःच्या शरीरावरचा हक्क त्यात येतो. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालायला सरकारला मोकळीक ठेवली, पण ती प्रमाणात हवीत.

आणि प्रमाण म्हटलं की रोगारोगांत फरक करावा लागतो. गोवर एका वर्गातून श्वासाने पसरतो. तो रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. तिथे तुम्ही नकार दिलात तर बाकावरच्या दुसऱ्या पोराला झळ बसते, म्हणून शाळेने थोडा रेटा लावला तर मी समजू शकते. एचपीव्ही शेजारच्या बाकावर बसून होत नाही. तिथे समजूत घालायची, रेटा नाही.

जाता जाता, विषाणू पुरुषांकडूनही येतो. मग सुई फक्त मुलींनाच का? ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही दिली.

आरोग्यकेंद्रातून
डोस मोजकेच असतील तर आधी मुलींना, कारण मरतात त्या. भरपूर असतील तेव्हा मुलग्यांना जरूर द्या. रेट्याबद्दल मात्र पटत नाही. ‘समजूत घालायची’ म्हणजे घरोघरी जाणार कोण? गावची आशा कार्यकर्ती, आपली आशाबेनच ना? तिच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत!

कमाटीबागवाली
वाडीतल्या वहिनींचा गोवराचा फरक मला मान्य. पण सक्ती मी मागतच नाहीये. नकाराचा फॉर्म सोपा ठेवा, एका ओळीचा. ज्यांना नको त्यांनी कारणही देऊ नये. आणि वसतिगृहातल्या मुलींना हा नियम लावूच नका, तिथे आईबापांची सही किंवा अंगठा आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. काका, एवढ्यावर तरी जमेल?

दांडियाबाजार_जुना
वसतिगृहाचं जमलं. बाकीचं नाही. कवांटच्या राठवा आदिवासी आईला गुजरातीतली चिठ्ठी वाचून कोण दाखवणार? जिला चिठ्ठीच कळली नाही, तिच्या गप्प बसण्याला होकार मानणार तुम्ही. आणि रात्री पोरीला ताप आला तर फोन कोणाला करायचा, तो नंबर त्या चिठ्ठीवर असणार आहे का?