मुखपृष्ठांपेक्षा आतले फोटो पाहा

जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून चेहरे रेखाटायचा सराव करावा, अशी एक सूचना वाचली. ती मला अर्धीच पटली. दलाल-मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं डोळे भरून पाहावीत, पण तिथला चेहरा चित्रकाराने आधीच सोपा केलेला असतो. कुठली सावली ठेवायची, कुठली गाळायची हे त्याने ठरवलेलं असतं आणि आपण तेच गिरवतो.

मला खरा उपयोग झाला तो आतल्या कृष्णधवल फोटोंचा. रद्दीवाल्याकडून 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' या मासिकांचे साठच्या दशकातले काही सुटे अंक आणले होते. तेव्हा फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, करून छापत. शाई एकच, काळी. करडी छटा भासते ती लहानमोठ्या ठिपक्यांमुळे. म्हणून बारीक तपशील गळतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. पान हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, हनुवटीखालचा अंधार एकमेकांत मिसळलेले दिसतील. मी तो सलग आकार आधी ४बी या मऊ, गडद पेन्सिलीने भरतो, पापण्या-भुवया अगदी शेवटी. मोबाइलवर फोटो काढून मोठा मात्र करू नका, चेहरा हरवतो आणि नुसते ठिपके उरतात.