युवकांचं 'सक्षमीकरण' अन् 'धोरणास आकार': फ्लेक्सवर साध्या मराठीत कसं लिहू?

कोरेगावकर:
मंडळी एक अडचण आहे. आमच्या गावात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी कॉलेजच्या पोरापोरींची बैठक ठेवलीय. सोलर, उसाचं पाचट, ई-पीक पाहणी, ऑनलाइन दाखले यातलं गावाच्या आराखड्यात काय घ्यायचं ते त्यांनी सांगायचं आणि मग ते ग्रामसभेत मांडायचं असं ठरलंय. आता वरून आलेल्या पत्रात विषय असाय, 'हरित व डिजिटल अर्थव्यवस्थेच्या धोरणास आकार देण्यासाठी युवकांचे सक्षमीकरण'. फ्लेक्सवाला म्हणला सर हे दोन ओळीत बसत न्हाई आणि बसवलं तरी वाचणार कोण. घरी येऊन बारावीतल्या पुतणीला दाखवलं तर ती म्हणती, "काका, आम्हाला कायतरी डोस देणारेत काय?" तेव्हापासून सक्षमीकरण म्हणलं की मला पोलिओचा बूथच दिसतोय. कुणी सांगा, सबलीकरण बरं की सक्षमीकरण की तिसरंच काही?

मिरजेची:
पुतणीचं बरोबर आहे हो. '-करण' लागलं की काम करणारा दुसराच असतो. डांबरीकरण, खडीकरण, निर्बीजीकरण... रस्ता कधी स्वतःचं डांबरीकरण करून घेत नाही, तो नुसता पडून असतो. सबलीकरण आधीचं आहे, २००१ साल महिला सबलीकरण वर्ष म्हणून पाळलं तेव्हा भिंतीभिंतीवर हाच शब्द होता. पण त्यात समोरची अबला आहे हे आधीच धरलेलं, म्हणून बऱ्याच जणींना तो खटकायचा आणि पुढं सक्षमीकरण जास्त चालायला लागलं.

पण गंमत पुढं आहे. कचेरीत 'सक्षम अधिकारी', 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात, तिथं सक्षम म्हणजे हुशार किंवा ताकदीचा नव्हे, तर ज्याला सही करायचा हक्क आहे तो! उत्पन्नाचा दाखला काढायला गेलात तर कारकून कितीही हुशार असला तरी तो सक्षम नाही. आता हाच अर्थ पोरांच्या सक्षमीकरणाला लावून बघा. प्रशिक्षण, चहा, बिस्कीट, प्रमाणपत्र मिळतं, सही मात्र मिळत नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ, साहेबाला एक आणि पोरांना दुसरा.

वाळव्याचा:
ताईंनी एक नंबर पकडलंय. मी 'आकार'वर बोलतो. आकार कुंभार देतो नायतर गणपती करणारा देतो. धोरणाला आकार द्यायचा ही इंग्रजीची नक्कल आहे, मराठीत धोरण आखतात, ठरवतात. आणि सातबारा-आठ अ रोज बघणाऱ्या माणसाला आकार म्हणजे जमिनीचा सारा, आकारणी. बिनशेती करून घेतलेल्याला विचारा आकार काय असतो ते. तेव्हा 'युवक देणार धोरणास आकार' असं लिवलं तर आमच्या आबाला वाटणार पोरं आता नवीन पट्टी बसवायला लागली.

आखणे लय चांगला शब्द हाय. सरी पाडायच्या आधी दोरी धरून रेघ आखतो ना, तसं. आखणारा रानात उभा असतो हे त्यात आपोआप येतं.

कोरेगावकर:
आखणे पटलं. धोरण मात्र मी सोडणार नाही, पॉलिसी म्हणलं की आमच्याकडं विम्याचा एजंट आला असं समजून लोक मागच्या दारानं जातात. हिंदीत नीति म्हणतात, आपल्याकडं नीती म्हणजे चालचलणूक, त्यामुळं 'युवा नीती' लिहिलं तर पोरांना शिस्त लावायचा कार्यक्रम वाटेल. धोरण शब्दात पुढचं बघून वागणं आहे. माझी आजी दिवाळीला आलेल्या साड्यांतल्या दोन गुपचूप बाजूला ठेवायची, लग्नसराईत आहेराला, तिला सगळे धोरणी म्हणायचे. सरकारी कागदात गेल्यावर शब्द कडक झाला एवढंच.

हळदवाला सांगली:
हरितचं काय करणार? आमच्या वडिलांच्या पिढीला हरित म्हणलं की हरितक्रांती, म्हंजे संकरित बियाणं, युरिया, पंप, पाटाचं पाणी. साठच्या दशकात हरित म्हणजे खताचं पोतं. आज हरित म्हणजे बरोब्बर उलटं, खत कमी कर, पंप सोलरवर घे, पाचट जाळू नको कुजव. एकाच माणसाला एका आयुष्यात दोन्ही हरित सांगितले तर तो म्हणणारच ना, तुमचं एकदा ठरवा. वर आणि शाळेत शिकवतात हरितगृह वायू वाईट! मुलगा मला विचारतो, हरितगृह वायू वाईट आणि हरित ऊर्जा चांगली, हे कसं? त्याला म्हणलं बाबा तिथं हरितगृह म्हणजे आपलं पॉलीहाऊस, आत ऊन येतं पण ऊब बाहेर जात नाही, तसंच हवेतले ते वायू पृथ्वीची ऊब धरून ठेवतात. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. ढोबळी मिरचीच्या पॉलीहाऊसमधे भर उन्हात दहा मिनिटं उभा केला असता तर बोलायची गरजच नव्हती.

माझं मत, हरित काढा, सरळ वस्तूचं नाव लिहा. सोलर, पाचट, पवनचक्की. (पवनचक्कीत दळण होत नाही हा वेगळा विषय. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पंख्यांना चक्की का म्हणायचं हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.)

नुसताच वाचक:
डिजिटल राहूद्या, अंकीय करू नका प्लीज. अंक म्हणजे आकडा, दिवाळी अंक, नाटकाचा अंक आणि संस्कृतात मांडीसुद्धा. अंकीय अर्थव्यवस्था म्हणल्यावर नक्की कुठं बसायचं? लोकांनी डिजिटल सातबारा कधीच पचवलाय. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, आधी तलाठी येऊन पीक लिहायचा, आता शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा. आमच्या गल्लीत प्रत्यक्षात ते कोण करतं? नातू नायतर नात. रेंज येत नाही म्हणून टाकीवर चढणारं पोरगं. म्हणजे डिजिटलचं अर्धं काम पोरंच ओढतायत, अॅपमधे काय बदलायला पाहिजे हे त्यांनाच म्हाईत, पण विचारायचं कुणाला तर आजोबांना, कारण उतारा त्यांच्या नावावर.

मिरजेची:
हेच मी म्हणत होते, वापरणारा एक आणि सक्षम दुसरा.

अजून एक, 'युवक' म्हणजे कोण ते आधी ठरवा. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ वय धरलंय. ग्रामसभेचा सभासद मात्र मतदार यादीत नाव असलेलाच, म्हणजे १८ पुढचा. तेही आधी २१ होतं, १९८९ मधे १८ झालं. ग्रामपंचायतीला उभं राहायला अजून २१ लागतात. तुमची पुतणी बारावीत म्हणजे १७ ची असेल, ती युवा आहे, तिचं सक्षमीकरण होऊ शकतं, पण ग्रामसभेत हात वर करता येत नाही.

कुंडलकर:
जुन्या लोकांचा एक शब्द आठवला. १९४३ ला आपल्याच भागात (तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सातारा जिल्हा आणि मधेमधे संस्थानं) नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. लोकांनी त्याचं पत्री सरकार केलं, गुन्हेगाराच्या पायाला पत्री ठोकायचे म्हणून पत्री अशी गोष्ट घरोघर ऐकायला मिळते. त्या सरकारच्या तुफान सेनेत, म्हंजे स्वयंसेवकांच्या दलात, पोरंच होती की, गावोगाव न्यायनिवाडे चालायचे, त्यांचं सक्षमीकरण कुणी केलंवतं? लोकांना अवघड वाटला तो शब्द लोकांनीच वाकवला.

कोरेगावकर:
दादा अभिमान आहेच, पण आमची बैठक सोलर पंपाची आहे, पत्री ठोकायची नाही 😄 आणि पाठवणाऱ्यांच्या बाजूनंही थोडं बोलतो, युरोपियन युनियनवाले हरित आणि डिजिटल हे दोन बदल जुळे धरतात, त्यामुळं ही जोडी अशीच बांधून तिकडून इकडं येते. आपल्याकडंही जोडी खोटी नाही, सोलर पंपाचा अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो आणि तो भरून देतं कोण तर तीच टाकीवरची पोरं. फक्त आपल्या भाषेत आणताना गाठ सोडून आणायला पाहिजे.

तर मी फ्लेक्सवर असं दिलं: 'गावाचा आराखडा आखायचाय. पोरापोरींचं काय म्हणणं?' खाली सोलर, पाचट, ई-पीक पाहणी, ऑनलाइन दाखले. मिरजेच्या ताईंचा मुद्दा सरपंचांना सांगितला, १८ च्या आतल्यांचं म्हणणं लेखी घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवायचं आणि इतिवृत्तात नोंदवायचं एवढं ते कबूल झालेत. सही नाही तर नोंद तरी. वाचून दाखवायला पुतणी तयार आहे, आवाज मोठा आहे तिचा.

नुसताच वाचक:
फ्लेक्स झाला का? फोटो टाका.

कोरेगावकर:
झाला. फ्लेक्सवाल्यानं दोन्हीकडचे अनुस्वार खाल्ले. 'पोरापोरींच काय म्हणण?' आमचे आबा वाचून म्हणले, "तेच तर, पोरींच काय ऐकायचं." उद्या सकाळी पांढरा पेंट घेऊन पुतणीच चढणार आहे टिंब द्यायला.