कृष्णेवरील पुलांच्या हालचालींची नोंद उपग्रह रडारने ठेवावी का?

कृष्णाकाठ, सांगली

सांगली जिल्ह्यातील कृष्णा आणि वारणा नद्यांवरील पुलांच्या हालचालींची नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाने उपग्रह रडारच्या साहाय्याने ठेवण्यास सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-1 उपग्रह सुमारे 693 किलोमीटर उंचीवरून दर 12 दिवसांनी त्याच मार्गाने जातो आणि साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडार लहरी सोडतो. परतलेल्या लहरींच्या फेजमधील, म्हणजे लहर तिच्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर परतली त्यातील, फरक अनेक वर्षांच्या प्रतिमांतून ताडून पाहिला, तर वर्षाला काही मिलिमीटर इतके खचणेही ध्यानात येऊ शकते. ढगांचा किंवा अंधाराचा त्याला अडसर नाही.

याहून मोठा लाभ असा, की मागचे पाहता येते. या उपग्रहाच्या 2014 पासूनच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, आणि तिथली धोका पातळी 45 फूट आहे. 1929 साली खुला झालेला हा पूल त्या पुराआधी आणि पुरानंतर कसा वागला, हे आज नवे उपकरण बसवून कळणार नाही. जुन्या प्रतिमांतून ते निदान शोधता तरी येईल.

निवृत्त शाखा अभियंता, मिरज

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु आपल्याकडचे जुने पूल कशाने पडतात, हे तिच्यात आलेलेच नाही. पुराच्या वेगाने खांबाभोवतीचा तळ खरवडला जातो आणि पाया उघडा पडतो. ही सारी घडामोड पाण्याखाली होते आणि रडारची लहर पाण्यात शिरत नाही. पाया पोखरला गेला तरी खांब अनेकदा शेवटच्या घटकेपर्यंत फारसा हलत नाही, मग हालचाल मोजणाऱ्या साधनाला दिसणार काय? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. बारा दिवसांनी फेरी मारणाऱ्या उपग्रहाने त्या रात्री कोणाला सावध केले असते?

दुसरी गोष्ट तपशिलाची. सेंटिनेलच्या नेहमीच्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवर साधारण 5 मीटर गुणिले 20 मीटरचे असते, म्हणजे अरुंद पुलाचा कठडा, रस्ता आणि शेजारचे पाणी एकाच आकड्यात मिसळू शकतात. त्यात उन्हाची भर पडते: 30 मीटरचा काँक्रीटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, 20 अंशांच्या फरकाने सहा-सात मिलिमीटर लांबतो. हे नैसर्गिक लांबणे वेगळे काढले नाही, तर धडधाकट पूलही आजारी ठरेल.

कृष्णाकाठ, सांगली

तापमानाचा परिणाम ऋतूंबरोबर येतो आणि जातो, म्हणून अनेक वर्षांची मालिका हाती असेल तर तो गणिताने वेगळा काढता येतो. एकाच दिशेने वाढत जाणारे खचणे त्यातून उरते. सावित्रीच्या बाबतीत मात्र एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नसल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. निव्वळ डोळ्यांच्या पाहणीवर आपण एवढा भरवसा कशाच्या आधारे ठेवावा?

वाईकर

इटलीतील जिनोआ येथील मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी कोसळला आणि 43 जणांचा बळी गेला. त्यानंतर एका संशोधक गटाने जुन्या रडार प्रतिमांवरून कोसळण्यापूर्वीची हालचाल दिसत असल्याचे मांडले, तर दुसऱ्या गटाने तशाच प्रतिमा तपासून त्याला आधार नसल्याचे प्रतिपादन केले. तज्ज्ञांचे एकमत पूल पडल्यानंतरही होत नसेल, तर पूल उभा असताना तो आलेख वाचून वाहतूक बंद करण्याच्या आदेशावर सही कोण करणार? माझा विरोध यंत्राला नाही, त्याच्या आकड्यावर टाकल्या जाणाऱ्या जबाबदारीला आहे.

कृष्णाकाठ, सांगली

सही करण्यासाठी तो आकडा नसावाच. शेकडो पुलांपैकी आधी कोणत्या पुलाखाली उतरायचे, एवढा क्रम त्याने लावून दिला तरी पुरे. शिवाय जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या इस्रो आणि नासाच्या निसार उपग्रहाची एक तरंगलांबी 24 सेंटिमीटर आहे, इतकी लांब लहर पानांतून बरीच पार जाते, त्यामुळे झाडोऱ्याच्या परिसरातही वेगवेगळ्या दिवशीच्या प्रतिमांचा मेळ अधिक टिकतो. पुलावर रडारची लहर थेट परत पाठवणारे धातूचे त्रिकोणी परावर्तक बसवले, तर नेमका कोणता बिंदू मोजला जात आहे याबद्दलची शंकाही बरीच कमी होईल.

निवृत्त शाखा अभियंता, मिरज

क्रम लावण्यापुरते म्हणत असाल, तर माझी तक्रार निम्मी होते. पण उरलेली निम्मी खर्चाची आणि मनुष्यबळाची आहे. पूर ओसरल्यावर वजन बांधलेली दोरी प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना सोडून तळाची खोली मोजायची आणि ती गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडायची, हे काम होडी आणि दोन माणसे असली की एका सकाळी उरकते. खांबाच्या जोडात उगवलेले पिंपळाचे रोप, मातीने बुजलेला प्रसरण सांधा, गाळा ज्यावर टेकतो ते गंजून अडकलेले बेअरिंग हे सारे त्याच फेरीत दिसते. जिथे ही नोंदवही दरवर्षी भरली जात नाही, तिथे परावर्तकाचा ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारवाल्याच्या गाडीवर जायला किती दिवस लागतील, याचाही अंदाजपत्रकात विचार व्हावा.