एकाच तंत्रात रुतून बसावं का?

एकानं विचारलंय, एसएपीतच (म्हणजे कंपन्यांचा हिशेब, स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामातच) राहू की सगळं सोडून एआय शिकायला धावू? भावा, पळापळ करू नकोस.

मी बारा वर्षं एबॅप, म्हणजे एसएपीची प्रोग्रॅमिंगची भाषा, लिहितोय, शेवटची पाच कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून. (आई अजून विचारते, "घरातच असतोस, मग कंपनी पैसे कशाचे देते?") एसएपीच्या ईसीसी या जुन्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे एस/४ हाना या नव्या आवृत्तीवर जायची कामं आहेत. पण भाव नुसत्या कोडिंगला नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीचं काम करताना ते कळलं. रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत जातं, मग स्टॉकमध्ये ते कुठल्या दरानं धरायचं? हा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला क्लायंट सोडत नाही.

आणि तंत्र जुनं झालं म्हणून काम संपत नाही. कोबॉल तर १९५९ साली आखलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. तरी एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरना बेरोजगार भत्त्याच्या सिस्टिमसाठी कोबॉलवाले जाहीरपणे मागावे लागले.

पगाराचं म्हणशील तर सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, भाळू नकोस. मी एकदा भाळलो. आकडा मोठा, पण त्यातच ग्रॅच्युइटी, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि २० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा भाग. वर्षाअखेरीस व्हेरिएबल निम्मंच हाती आलं, आणि नोटीस ९० दिवसांची, म्हणजे लगेच सुटताही येईना. आता एचआरला पहिलं हेच विचारतो: दरमहा खात्यात किती पडणार, आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती दिलंत?